आजोबांची तीन नळ्यांची जर्मन बंदूक: आधी खालची नळी ओळख, मग बाकीचं

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात आजोबांची जर्मन बंदूक निघाली, वर शेजारी शेजारी दोन छऱ्याच्या नळ्या आणि खाली मधोमध रायफलची एक नळी. आजोबा गेल्यावर ती लायसन्सवाल्या डीलरकडे जमा केलीत. लाकूड काळं चिकट झालंय, चापाचा गार्ड शिंगाचा आहे त्याला किड्यांनी खाल्लंय, नळ्यांचा रंग उडालाय, आणि एक मिस्त्री म्हणतोय की नळ्या नव्यासारख्या काळ्या करून देतो आणि खालच्या नळीत ३१५ चं काडतूस बसेल असं करून देतो. वर तुझं असं की डबरा गावाकडच्या शेतात डुकरं फार झालीत, तिथे वापरता येईल का.

मिस्त्रीला दोन्ही कामांना नाही सांग. डुकरांचंही उत्तर नाहीच आहे, पण ते सविस्तर नंतर.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं जर्मनीत थुरिंजियात होतो, ज्या सुल गावात तुझी बंदूक बहुतेक बनलीये त्याच्याच आसपास. तिथली शिकारीची परीक्षा दिली आणि अशाच जुन्या तीन नळीने, जिला ते ड्रिलिंग म्हणतात, तिथे शिकार केली, दुरुस्तीचं बघून बघून आणि कारागिराच्या शेजारी बसून शिकलो. आता ग्वाल्हेरला परत आल्यावर इथल्या एका लायसन्सवाल्या कारागिराकडे जाऊन बसतो, सरदार घराण्यांतल्या जुन्या बंदुका येतात त्या बघायला मिळतात. दुनाल्या ढिगाने येतात, पॅराडॉक्स कधीकधी येते, ड्रिलिंग क्वचितच. पॅराडॉक्स म्हणजे कर्नल फॉसबेरीने १८८५ ला पेटंट घेतलेली, दिसायला छऱ्याची दुनाली पण तोंडाशी शेवटचे काही इंच आतून पीळ दिलेला, म्हणजे छर्रेही चालतात आणि जड गोळीही. इंग्रजांना आणि आपल्या राजेरजवाड्यांना ती भारी आवडायची. माझ्या मते पॅराडॉक्स ही जवळून वाघ-अस्वलासाठीची तडजोड आहे, खरी दोन कामं करणारी बंदूक ड्रिलिंगच, कारण तिच्यात रायफलची नळी वेगळी आणि पूर्ण आहे.

आता तुझे फोटो. नळ्या उतरवून खालच्या बाजूचे काढलेस ते बरं केलंस, सगळी जन्मकुंडली तिथेच असते. डोक्यावर मुकुट असलेली अक्षरं आहेत ना ती प्रूफ हाऊसची, म्हणजे बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेची. यू म्हणजे तपासली, जी म्हणजे आतून पीळ असलेली नळी, डब्ल्यू म्हणजे तोंडाशी चोक आहे, नळी तिथे थोडी निमुळती केलीये, आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं अक्षर एन, म्हणजे नायट्रो, बिनधुराच्या दारूवर तपासलेली. एन नसता तर मी फक्त भिंतीवर लाव म्हटलं असतं. '६ २९' म्हणजे जून १९२९. वर्तुळात १६ म्हणजे छऱ्याच्या नळ्या १६ बोरच्या, १२ च्या नाहीत, आणि पुढे लांबी कोरलेली नाही याचा अर्थ त्या काळच्या रिवाजाने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, ६५ मिलिमीटरचं धरायचं. आजचं १६ बोरचं काडतूस साधारण ७० चं असतं, ते आत सरकतं, बंदूक बंदही होते, म्हणून लोकांना वाटतं बसलं. पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. चेंबर लांब करून घे असाही सल्ला तुला कोणीतरी देईल, नको करू, १९२९ च्या हलक्या नळीत तिथे धातू आधीच कमी असतो. ६५ चीच काडतुसं शोधायची, इथे मिळणं अवघड आहे हे मान्य.

आता '८,७/७२'. इथेच सगळे फसतात. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम लावतात, म्हणजे ८.७ मिलिमीटर, आणि हे माप नळीच्या आतल्या उंचवट्यांचं आहे, चरांचं नाही. गोळी त्याहून जाड असते. ७२ ही काडतुसाच्या केसची, म्हणजे पितळी कवचाची लांबी. हे दोन आकडे एकत्र दिसले की नव्वद टक्के ते ९.३ बाय ७२ आर हे काडतूस असतं, लांब, सडपातळ, बुडाला कडा असलेलं, काळ्या दारूच्या जमान्यातून आलेलं आणि दाबाने अगदी मवाळ. साधारण साडेबारा ग्रॅमची गोळी, तोंडाशी सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेग.

आणि त्यात मिस्त्री ३१५ घालणार! आपल्याकडचं ३१५ म्हणजे जुन्या मॅनलिकर ८ बाय ५० आर चाच भाऊ. त्याची गोळी तुझ्या नळीपेक्षा बारीक, म्हणजे पीळ तिला धरणारच नाही, आणि केस बुडाशी तुझ्या काडतुसापेक्षा चांगलीच जाड, म्हणजे चेंबर खोदल्याशिवाय ती आत जाणारच नाही. म्हणजे तो नळीची भिंत पातळ करणार आणि मग त्याच पातळ भिंतीत जास्त दाबाचं काडतूस फोडायला देणार, तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर. कायद्याच्या बाजूने बघितलं तर बंदुकीचं असं रूपांतर आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ खाली लायसन्सशिवाय करताच येत नाही, नुसती दुरुस्ती आणि टेस्टिंगसुद्धा त्याच कलमात येतं. तुझा मिस्त्री लायसन्सवाला आहे का हे आधी विचार, मला तरी वाटत नाही.

पण चिन्हांवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, ती फक्त १९२९ ला काय होतं ते सांगतात, मधल्या काळात आधीच्या कोणा मिस्त्रीने काय केलं ते सांगत नाहीत. म्हणून चेंबरचा साचा घ्यायचा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू येतो, उकळत्या पाण्याच्या आतल्या तापमानालाच वितळतो, नळीत पुढे चिंधीचा बोळा लावून चेंबरमध्ये ओततात, घट्ट झाला की मागून ढकलून काढतात. गंमत म्हणजे तो आधी थोडा आकसतो मग पुन्हा फुगतो, आणि ओतल्यावर साधारण तासाभराने बरोबर चेंबरएवढा होतो, तेव्हाच मोजायचं, घाई करून लगेच मोजलं तर माप चुकतं. जुने कारागीर गंधक वितळवून हेच करायचे. सोबत मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ढकलून काढायची, तिच्यावर उमटलेले चर मायक्रोमीटरने मोजायचे. साचा आणि गोळी या दोन गोष्टी हातात आल्या की वाद संपला. हे डीलरच्या दुकानात, कारागिराकडून करून घे, घरी नाही.

आता नळ्या काळ्या करण्याचं. तीन नळ्या एकमेकींना जस्त-बिस्ताने नाही, कथिल-शिशाच्या मऊ सोल्डरने जोडलेल्या आहेत, मधल्या पट्ट्याही तशाच. आजकाल जी झटपट काळी करण्याची पद्धत आहे ती म्हणजे कॉस्टिक आणि नायट्रेटचं १४० अंशांच्या आसपास उकळणारं पाणी, त्यात बुडवून काढायचं. एकनाळी रायफलला ठीक. पण कॉस्टिक सोल्डर खातं, आणि पट्ट्यांच्या आत जे क्षार शिरतात ते बाहेर कधीच येत नाहीत, ग्वाल्हेरच्या एका पावसाळ्यात आतून गंज सुरू. काही महिन्यांनी पट्टी सुटते, आणि पट्टी सुटली म्हणजे नुसती दिसायला खराब झाली असं नसतं, तीन नळ्या एका बिंदूवर मारतील अशा त्या जोडणीत जुळवलेल्या असतात, ते जुळवणं गेलं की बंदूक गेली. परत जुळवणारे लोक जर्मनीतही मोजके राहिलेत आणि ते काम बंदुकीच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

करायचंच असेल तर गंजाची जुनी पद्धत. नळ्या तेलमुक्त करायच्या, द्रावण पुसायचं, दमट जागी काही तास ठेवून बारीक लाल गंज येऊ द्यायचा, मग साध्या स्वच्छ पाण्यात उकळायचं म्हणजे लालचा काळा होतो, मग बारीक तारेच्या ब्रशने पुसायचं, आणि हे पुन्हा पुन्हा, रंग गडद होईपर्यंत. आठवडाभराचं काम, म्हणून कोणी करत नाही. माझं स्पष्ट मत विचारशील तर काहीच करू नको. फोटोत निम्म्याहून जास्त मूळ रंग दिसतोय. वरवरच्या गंजावर पातळ तेल लावून दोन दिवस ठेव, मग तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हळू खरवड, तांबं पोलादाहून मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. आणि बॉडीवरची ओकच्या पानांची नक्षी आहे तिला बफिंग मशीन अजिबात लावू देऊ नको, एकदा कडा गोल झाल्या की परत येत नाहीत.

जोडणी शाबूत आहे का ते बघायला नळ्या वेगळ्या करून हुकपाशी, म्हणजे नळ्यांखालचा जो आकडा बॉडीत अडकतो तिथे, दोरीने लटकव आणि लाकडी हातोडीने हलकेच टक कर. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी पट्टी सुटलीये. दुसरी तपासणी, पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करायची आणि नळ्या धरून डावी-उजवीकडे हलवायची, शिवाय उजेडासमोर धरून नळ्या आणि बॉडीच्या मधे फट दिसते का बघायची. फट असेल तर बिजागरीची पिन नवीन घालणं हा खरा इलाज. काही लोक हुकाला छिन्नीने ठोकून धातू फुगवतात, घट्ट वाटते, थोड्याच फैरींत पुन्हा ढिली. असल्या ठोकलेल्या खुणा असतील तर मला फोटो पाठव.

स्क्रूंबद्दल एकच सांगतो, बाजारातला पेचकस लावू नका. खाच अरुंद असते, पेचकसाचं पातं त्या खाचेएवढं घासून घ्यावं लागतं, नाहीतर डोकी फाटतात आणि पुढच्या पन्नास वर्षांत जो बघेल तो हसेल.

आत चापाच्या यंत्रणेत जे तपकिरी चिकट दिसतंय तो गंज नाही, सरसों तेल आहे. आपल्याकडच्या वाड्यांमधे हा प्रकार सर्रास, नोकराने दर दिवाळीला मोहरीचं तेल चोपडायचं, ते हळूहळू सुकून वार्निशसारखं होतं आणि स्प्रिंग आळसावते. रॉकेलमध्ये भिजवून निघतं. स्प्रिंगा मात्र कारागिरानेच काढाव्यात, तुटली तर सुटा भाग मिळणार नाही, हाताने घडवावी लागेल.

लाकूड अक्रोडाचं आहे. बॉडीपाशी काळं पडलंय ते तेल मुरून, बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली की सगळं तेल उतरून तिथे बसतं आणि लाकूड मऊ होतं. खडूची पावडर स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकला की झटकायचा, पांढरा निघेपर्यंत. ओल्या कापडावरून इस्त्री टेकवून खड्डे वर येतात. पॉलिश पेपर जपून, पकडीसाठी चौकटीची जाळी कापलीये तिथे तर नकोच. नंतर जवसाचं तेल, एका वेळी दोन थेंब, तळहाताने चोळून, रोज एकदा, घाई नाही. फ्रेंच पॉलिश करून चकचकीत करू नका, फर्निचर दिसतं. मे महिन्यात ४५ अंशाला आपल्याकडे लाकूड आकसतं आणि स्क्रू ढिले वाटतात, तेव्हा आवळू नको, पावसाळ्यात फुगलं की मानेपाशी, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागात, चीर जाते. शिंगाच्या गार्डला कसर लागलीये, लोकरीला लागते तशीच. भोकं काळ्या इपॉक्सीत शिंगाची पूड मिसळून भरता येतात. म्हशीचं शिंग घेऊन नवीन बनवणारेही मिळतील, पण भरून भागत असेल तर जुनंच ठेव. आणि ती चामड्याची जुनी खोळ आहे ना, तिच्यात बंदूक ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. खोळ वेगळी सांभाळ, तिलाही किंमत आहे.

कागदपत्रांचं. आर्म्स रूल्स २०१६ च्या नियम २५ मध्ये लायसन्सधारक गेल्यावर कायदेशीर वारसाला लायसन्स देण्याची सोय आहे, बाकी वारसांची संमती घेऊन कलेक्टर कचेरीत अर्ज कर. तुझ्याकडे आधीच दोन हत्यारं असतील तर अडचण, २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा तीनवरून दोनवर आली. 'शंभर वर्षं जुनी आहे, अँटिक आहे, लायसन्स लागत नाही' हे जे महाराज बाड्याच्या चौकात कोणीतरी सांगितलं ते विसर. कायद्यातली सूट जुन्या पद्धतीच्या अशा हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालू शकत नाही, तुझं तर चालण्यासारखं आहे. २०२० च्या नियमात क्युरिओ, म्हणजे संग्रहातली जुनी हत्यारं, ठेवायला लायसन्स नको म्हटलंय, पण वापरायला आणि इकडून तिकडे न्यायला लागतंच. आजोबांच्या लायसन्सवर काय लिहिलंय तेही वाच, नुसतं 'दुनाली' लिहिलं असेल तर तिसऱ्या नळीची नोंद अर्जाच्या वेळीच दुरुस्त करून घे, नंतर जप्तीच्या वेळी ते समजावत बसायला नको. आणि आपल्याकडे आचारसंहिता लागली की हत्यारं पोलिस ठाण्यात जमा होतात हे तुला माहीतच आहे, तिथला मालखाना म्हणजे ओल आणि धूळ, जमा करण्याआधी नळ्यांना आतबाहेर ग्रीस लाव, पावतीवर नंबर बरोबर आहे का बघ, दुर्बीण असेल तर काढून घरी ठेव.

डुकरं. वाइल्ड लाइफ प्रोटेक्शन ॲक्ट १९७२ चा, सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीची लायसन्सं मिळायची, १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती परवानगी ठराविक जागेची, ठराविक जनावराची असते, शेत आपलं आहे म्हणून मिळत नाही. विनापरवानगी मारलंस तर कलम ३९ खाली जप्त झालेली बंदूकही सरकारची मालमत्ता होते. आजोबांच्या पिढीचं वेगळं होतं, ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंद्यांच्या वेळी शिवपुरीचं जंगल म्हणजे राज्याचा शिकारखानाच, १९११ ला पंचम जॉर्ज येणार म्हणून तिथे जॉर्ज कॅसल बांधलं. तेच जंगल मार्च २०२५ मध्ये टायगर रिझर्व्ह झालंय. आणि समजा परवानगी मिळालीच, तरी डुकरासाठी ही बंदूक मी नेणार नाही, कारण जर्मन कायदाच सांगतो, तिथे रो नावाच्या छोट्या हरणासाठी १०० मीटरवर गोळीत निदान १००० जूल ताकद लागते, आणि रानडुकरासकट बाकी मोठ्या जनावरांसाठी २००० जूल. ९.३ बाय ७२ आर तोंडाशीच सव्वादोन हजारांच्या आसपास असतं, शंभर मीटरवर २००० च्या बरंच खाली येतं. म्हणजे तिथेही तुझ्या बंदुकीने डुक्कर मारणं बेकायदा.

तू विचारलंस की हिने शिकार प्रत्यक्षात कशी करतात, ते सांगतो, कारण त्यावरून बंदुकीची रचना समजेल. संध्याकाळी शेताच्या कडेच्या मचाणावर चढून बसायचं. समोरून कोल्हा किंवा ससा येईल की रो हरीण येईल माहीत नसतं, म्हणून तीन नळ्या. मानेवर अंगठ्याखाली जी सरकती कळ आहे ती बहुतेक ड्रिलिंगमध्ये सेफ्टी नाही, सेफ्टी डाव्या बाजूला वेगळी असते. दुनालीची सवय असलेला माणूस इथेच गोंधळतो. कळ मागे असेल तर पुढचा चाप उजवी छऱ्याची नळी उडवतो आणि मागचा चाप डावी. कळ पुढे सरकवली की नळीवरची रायफलची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, आपोआप उभी राहते आणि पुढचा चाप आता रायफल उडवतो. त्या उभ्या राहिलेल्या साइटकडे बघून कळतं आपण कशावर आहोत. अंधारून आलं की ती दिसत नाही, म्हणून अंगठ्याने चाचपायची सवय लावावी लागते, नाहीतर हरणावर छर्रे जातात. आणि तसं जखमी झालेलं जनावर रात्रभर कुत्र्याने शोधत फिरावं लागतं, तिथे शोधाचा कुत्रा हाताशी असणं नियमातच आहे.

पुढचा चाप पुढे ढकलला की टक आवाज येऊन तो अतिशय हलका होतो, नुसतं बोट लागलं तरी सुटतो. नेम धरल्यावरच करायचं. आणि हरीण निघून गेलं तर चाप तसाच ठेवून खाली उतरायचं नाही, बंदूक दुसरीकडे रोखून बिजागरीतून उघडायची, काडतुसं काढायची, मग चाप परत बसवायचा.

अंतर म्हणशील तर छर्रे तीस-पस्तीस मीटर, रायफल शंभराच्या आत, तेही टेकू घेऊन, कारण ही गोळी जड आणि संथ, पुढे गेली की झपाट्याने पडते. नेम तपासताना थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते तेवढंच खरं. तीन नळ्या चिकटलेल्या असल्याने एक तापली की ती बाकीच्यांना ओढते, पाठोपाठ मारलेली दुसरी-तिसरी गोळी हळूहळू सरकत जाते, लोक मग साइट घासत बसतात. प्रत्येक गोळीनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांब. छर्रे पोलादी कधीच नकोत, जुन्या घट्ट चोकला ते फुगवतात. युरोपात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद झालेत तेव्हापासून जुन्या बंदुकीवाले बिस्मथ वापरतात, महाग पण मऊ.

इथे लायसन्स झाल्यावर, कारागिराने नळ्या पास केल्यावर आणि ६५ चं काडतूस मिळालं तर रायफल क्लबच्या रेंजवर छऱ्याच्या दोन नळ्या मातीच्या तबकड्यांवर चालवता येतील. खालच्या नळीसाठी काडतूस इथल्या दुकानात बघितलेलं नाही, तिच्यात स्नॅप कॅप, म्हणजे खोटं काडतूस, घालून चाप चालवत जा म्हणजे स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या पिना, फुकट आपटणार नाहीत. राहिली दुर्बीण. आजोबांच्या सामानात आकड्यांसारखे पाय असलेली जर्मन दुर्बीण सापडली तर फेकू नकोस, तिचे पाय याच एका बंदुकीच्या खाचांना हाताने घासून बसवलेले असतात, त्यावर कधीकधी बंदुकीचाच नंबर असतो. नसेल सापडत तर नवीन दुर्बिणीसाठी पट्टीत भोकं पाडून घेऊ नकोस. त्या खाचांचा आणि हुकाचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो पाठव, साच्याचं माप आल्यावर सोबतच बघतो.